मुशीतलं जहाज

जानेवारीतला शनिवार होता. आयसेलिनच्या आमच्या लायब्ररीत त्या दिवशी हीटर धड चालत नव्हता, म्हणून मी रेफरन्स डेस्कवर कोट घालूनच बसले होते. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. माझ्या गळ्यातल्या बॅजवरचं नाव त्यांनी सावकाश वाचलं आणि मराठीत विचारलं, "अहिल्या म्हणजे आपल्यातल्याच ना?"

"हो. मी साताऱ्याची."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून दागिन्यांच्या दुकानाचं एक लहान पाकीट काढलं आणि उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने दोन वर्तुळं काढली होती. एकात पंख असलेला माणूस, त्याच्या पायाखाली सापासारखा प्राणी, हातातला भाला त्या प्राण्याच्या तोंडात खुपसलेला. दुसऱ्यात एक जहाज. जहाजाची डोलकाठी म्हणजे क्रूसच होता, तिच्या एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला इंग्रजी एच. कडेने अक्षरं, मधली काही झिजलेली. पंखवाल्या माणसाच्या डोक्यावर बारीक छिद्र.

"हे काय आहे, एवढं मला सांगा."

चित्र इतकं नेमकं होतं की शोधायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. इंग्लंडचं सोन्याचं नाणं. नाव एंजल. आठव्या हेन्री राजाच्या काळातलं, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचं. तेव्हा नाणी पाडायची यंत्रं तिथे नव्हती. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये सोन्याची पातळ चकती आणि वरून हातोडीचा घाव. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. फोटो बघून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"किंमत बघू का?" मी विचारलं.

"नको. जगात किती उरलीत ते बघा."

"नेमकं नाही सांगता येणार. पण फार नसावीत. पुष्कळशी नंतरच्या राजांनीच वितळवली, असं इथे दिलंय."

"त्यातलं एक मी वितळवलं," ते म्हणाले. "गेल्या नोव्हेंबरात."

ते त्र्यंबक पोतदार. मूळचे कोल्हापूरचे. गुजरीत, सराफांच्या पेठेत, दुकानांच्या मागच्या बोळात त्यांच्या वडिलांची एक खोली होती. तिथे बसून वडील पेढीवाल्यांसाठी साज आणि ठुशी घडवायचे. काका, म्हणजे पोतदार, मी त्यांना काकाच म्हणायला लागले, तेच शिकले. मेहुण्याने स्पॉन्सर केलं म्हणून २००९ साली बायको प्रीता आणि मुलगी राधिका यांना घेऊन इकडे आले, आणि ओक ट्री रोडवरच्या एका दागिन्यांच्या दुकानात मागच्या खोलीत कामाला लागले. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. चेनचे तुटलेले फासे जोडायचे, खडे बसवायचे, आणि लोकांनी विकलेली मोड वितळवून त्याची लगड करायची, हे त्यांचं काम. समोर काउंटरवर कोण येतं-जातं हे त्यांना एका छोट्या खिडकीतून दिसायचं. इंग्रजी बेताचं. माणूस अबोल. पोतदार हे आडनाव कसं पडलं ते मला त्यांनीच पुढे कधीतरी सांगितलं: सरकारी खजिन्यात येणारं नाणं खरं की खोटं हे पारखणारा तो पोतदार.

त्या दिवशी डेस्कसमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या शब्दांत जितकं आठवतं तितकं लिहिते.

"एक म्हातारी गोरी बाई बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. नवरा जाऊन महिना झाला होता. डब्यात तुटक्या चेन, एक अंगठी, कफलिंकची जोडी, आणि तळाशी हे. शेठनी सगळं एकत्रच वजन केलं आणि पावतीवर एक ओळ लिहिली, जुनं सोनं, एक्केचाळीस ग्रॅम. बाई गेली, डबा माझ्याकडे आला. नाणं मशीनवर धरलं तर नव्याण्णवच्या वर आकडा. इथली मोड म्हणजे चौदा कॅरेट हो. इतकं चोख सोनं इथे हातात येत नाही. पातळ इतकं की अंगठ्याने वाकेल. ताई, काय आहे ते मला कळलं नव्हतं. पण हाताने केलेलं आहे, फार जुनं आहे आणि वर्षानुवर्षं कुणाच्या तरी गळ्यात होतं, हे मला कळलं होतं. आमच्याकडे पुतळ्यांची माळ मोडायला आली तर वडील घरच्या माणसाला तीन-तीनदा विचारायचे, नक्की ना म्हणून."

"शेठना दाखवलं नाहीत?"

"दाखवलं. म्हणाले, सोनंच आहे ना? मग टाक. रिफायनरीचा माणूस चार वाजता येतोय. खरं म्हणजे घेतलेला माल काही दिवस तसाच ठेवायचा नियम आहे. तिथे कोण पाळतं?"

त्यांनी टेबलावर दोन्ही हात जोडून सोनं वितळवायच्या मुशीचा आकार केला. "मी ते सगळ्यात शेवटी ठेवलं. मुशीच्या कडेला टेकून उभं. खालच्या चेन वितळल्या, अंगठी वितळली. चोख सोन्याला आच जास्त लागते, म्हणून ते तसंच उभं राहिलं. लाल झालं. आधी हातात घेतलं तेव्हा जे नीट दिसत नव्हतं तेसुद्धा दिसायला लागलं. जहाजाचे दोर. अक्षरं. चिमटा माझ्या हातातच होता. काढू शकलो असतो. मी बघत राहिलो. मग त्याची कड ओली झाली आणि ते खाली गेलं."

पण त्यांना छळत होतं ते पुढचं. गुरुवारी हे झालं आणि सोमवारी ती बाई परत आली. नवऱ्याच्या गळ्यातलं नाणं चुकून डब्यात गेलं, त्यावर जहाज होतं, ते तेवढं परत द्या, पैसे परत घ्या, म्हणाली. शेठ म्हणाले, पावतीवर नाणं नाही. बाईने मागच्या खोलीकडे बघितलं आणि हाक मारून विचारलं, "तुम्ही बघितलंत का हो?" शेठ वळून काकांकडे बघत होते.

"मी म्हटलं, नो मॅडम. नो कॉइन. ओन्ली चेन, रिंग." काकांनी टेबलावरचं पाकीट सरळ केलं. "ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती स्वतःशीच म्हणाली, पण मी ठेवलं होतं. ठेवलं होतं ना मी? आणि गेली."

मी त्यांना पाणी आणून दिलं. आणि मी जे म्हटलं तेही लिहिलं पाहिजे. मी म्हटलं, "काका, आता खरं सांगून नाणं थोडंच परत येणार आहे? तुमची नोकरी मात्र जाईल. विसरून जा." त्यांनी मान हलवली, पाकीट घडी न करता खिशात ठेवलं आणि गेले.

त्यानंतर ते दर शनिवारी यायला लागले. इंग्रजी वाचायला त्रास व्हायचा, तरी नाण्यांची पुस्तकं घेऊन खिडकीजवळ बसायचे आणि फोटोंवरून बोट फिरवायचे. पुढे प्रीताकाकूंची ओळख झाली, त्यांच्या अपार्टमेंटवर जाणं-येणं सुरू झालं. काकू डे-केअरमध्ये काम करायच्या, मोकळ्या बोलायच्या. एकदा चहा गाळता गाळता म्हणाल्या, "ह्यांना काय झालंय गं? लग्नातली अंगठी काढून ठेवली. म्हणतात, गरम लागते."

दुकानातही काहीतरी बिघडलं होतं. वितळलेलं सोनं गोठायला लागलं की त्याच्या तोंडावर एक बारीक सुरकुती धरते. त्या सुरकुतीत काकांना डोलकाठी दिसायची. मग ते लगड उलटी करून बघायचे, पुन्हा वितळवायचे, पुन्हा बघायचे. शेठ ओरडायचे, यार पोतदार, टाइम वेस्ट करू नको. आणि मार्चपासून ती बाई दिसायला लागली. बुधवारी, जेवणानंतर. शोकेसच्या काचेबाहेर उभी, काखेत पत्र्याचा डबा, नजर दागिन्यांवर नाही, काचेतून आत, मागच्या खोलीच्या खिडकीवर. काका उठून बाहेर जायचे तोवर फुटपाथवर कुणी नसायचं. काउंटरवरच्या अनुष्काला त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "काका, कुणीच नव्हतं. आय स्वेअर."

त्यांनी हे मला सांगितलं ते घाबरून नाही. एखाद्याने गुडघा दुखतो म्हणून सांगावं तसं.

बाईचं नाव मिसेस पेंग्ली. पावतीच्या कार्बनवरून पत्ता त्यांनी कधीच पाठ केला होता. मटचनमधलं घर, इथून दहा मिनिटांवर. हिंमत करून ते तिथे गेले तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं, मध्ये कोविडने सगळं बंद करून टाकलं होतं. घराच्या अंगणात नवा झोपाळा होता आणि दार एका तरुण जोडप्याने उघडलं. आधीच्या बाईंनी घर विकलं, कुठे गेल्या माहीत नाही, म्हणाले. काका समजले, ती वारली. त्या दिवसापासून काचेबाहेरची बाई बुधवारची राहिली नाही. केव्हाही यायला लागली.

नाणी जमवणं यातूनच सुरू झालं. पार्सिपनीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी नाण्यांचा बाजार भरतो, तिथे मी त्यांना पहिल्यांदा घेऊन गेले. लांबच लांब टेबलं, त्यावर काचेच्या पेट्या, प्रत्येक टेबलामागे एक म्हातारा. इंग्लंडची जुनी सोन्याची नाणी ठेवणारा एकच व्यापारी होता, पांढऱ्या मिशांचा. त्याने एक एलिझाबेथ राणीचं नाणं काकांच्या हातात दिलं, आणि किंमत अशी सांगितली की मला हसू आलं. काकांनी नाणं कडेने धरलं, तिरपं केलं, आणि परत ठेवलं.

"त्यांना सांगा, याला मार बसलेला नाही."

"म्हणजे?"

"घाव बसला की सोनं मधून कडेकडे सरकतं. अक्षरांच्या पायाशी ओढ दिसते. याच्यात ती नाही. हे साच्यात ओतलेलं आहे."

मी भाषांतर केलं. व्यापाऱ्याचा चेहरा पडला. त्याने नाणं भिंगाखाली धरलं, बराच वेळ धरलं, मग ते पेटीत परत न ठेवता खिशात टाकलं. महिन्याभराने त्यानेच मला फोन केला, "तुमच्या मित्राला घेऊन या." त्यानंतर काही शंका आली की तो काकांना दाखवायचा. कुठे छिद्र बुजवलंय, कुठे कडी लावून काढलीय, कुठे डाग देऊन जोडलंय, हे काका नुसत्या नजरेने सांगायचे.

निर्दोष नाणी त्यांच्या आवाक्यातली नव्हतीच. पण त्यांना ती नकोही होती. वाकलेलं, भोक पडलेलं, कडा कातरलेलं, ब्रोच करून वापरलेलं, असं जे इतर लोक बाजूला सारतात, ते काका घ्यायचे. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी घरी दुरुस्तीची कामं करायचे. एकदा मी विचारलं, "अशीच का?" तर म्हणाले, "चांगल्याला कुणीही सांभाळेल. यांना कुणीतरी मुशीत टाकेल."

चार वर्षांत नऊ नाणी झाली. ती ते काकूंच्या जुन्या स्टीलच्या मसाल्याच्या डब्यात ठेवायचे, प्रत्येक वाटीत मलमलीची चिंधी घालून. डब्याला हळदीचा वास होता तो गेलाच नाही. जेवणं झाली की टेबल पुसून डबा उघडायचे. त्या नाण्यांमागची माणसं माहीत असल्यासारखे बोलायचे. "हा डावखुरा असणार, घाव उजवीकडून खोल बसलाय." "याला घाई होती, चकती सरकली तरी मारलं." एका लहान नाण्यावर बोट ठेवून एकदा म्हणाले, "बघा, घाव ऐकू येतो." मी बोट ठेवलं. मला गार धातू लागला, बाकी काही नाही. पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता. राधिका तेव्हा कॉलेजात, रटगर्सला. ती लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट मेटल."

"सोनाराच्या घरात असं बोलू नये," ते म्हणाले आणि डबा बंद केला.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात व्यापाऱ्याचा फोन आला. एंजल. आठवा हेन्री. एच आणि गुलाब. वरती छिद्र. आम्ही गेलो. काकांनी ते तळहातावर घेतलं आणि इतका वेळ धरून ठेवलं की व्यापाऱ्याने मला नजरेने विचारलं, बरे आहेत ना? छिद्रसुद्धा तिथेच होतं, पंखवाल्याच्या डोक्यावर. एकाच ठशातून निघालेली दोन असावीत इतकं ते त्या पाकिटावरच्या चित्राशी जुळत होतं. काकांनी ते घेतलं. कसं घेतलं, काय काय विकलं, ते मी विचारलं नाही.

घरी काकू म्हणाल्या, "आता त्या बाईला शोधा. असली तर द्या आणि सांगा, सापडलं म्हणून. तिलाही समाधान, तुम्हालाही. कोणाचं काय बिघडतंय?" मलाही ते पटलं. काकांनी नाणं रुमालात गुंडाळलं. दोन आठवड्यांनी लायब्ररीत येऊन म्हणाले, "ताई, जिवंत आहे का, बघाल?"

मला वीस मिनिटं लागली. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची बातमी जुन्या वर्तमानपत्रात होती, तिच्यात मुलीचं नाव, मुलीचं ऑफिस नेटवर. सहा वर्षांत त्यांनी मला हे करायला सांगितलं नव्हतं, आणि मीही आपणहून केलं नव्हतं. मुलीने ईमेलला उत्तर दिलं: आई हयात आहे, इथल्याच डोव्हर गावाजवळ एका सीनियर होममध्ये असते. भेटायला हरकत नाही. मात्र काही वर्षांपासून तिची स्मरणशक्ती खात्रीची राहिलेली नाही, ती जे सांगेल ते सगळंच खरं धरू नका.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. रस्ताभर काका ओठांतल्या ओठांत इंग्रजी घोकत होते. मला वाटलं, सापडलं कसं ते सांगायची तयारी चाललीय.

मिसेस पेंग्ली खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. सत्त्याऐंशी वर्षांच्या, लहानखुऱ्या, केस नीट विंचरलेले. काकांनी नाणं रुमालातून काढून त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवलं. ते बसले नाहीत, उभेच राहिले.

"मॅडम. धिस इज नॉट युअर कॉइन. युअर कॉइन, आय मेल्ट. आय सॉ शिप. यू आस्क मी, आय सेड नो कॉइन. दॅट वॉज लाय."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हातारीने नाण्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"आय मेल्ट—"

"ते नाही. नाणं होतं?"

"येस मॅडम. देअर वॉज अ कॉइन."

"डब्यात होतं?"

"येस. इन द बॉक्स. बॉटम."

तिने खुर्चीचे हात धरले. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. तिने जे सांगितलं ते सावकाश, एकही शब्द न चुकता सांगितलं. दुकानातून परतल्यावर तिने आणि मुलीने तीन दिवस घर पालथं घातलं. मुलगी म्हणाली, ममा, दुकानातला माणूस कशाला खोटं बोलेल? तूच कुठेतरी टाकलं असशील. मग चष्मा सापडला नाही की मुलगी वहीत लिहून ठेवायची. गॅस चालू राहिला ते लिहिलं. डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, ही घाबरली आणि काटे चुकले. मुलीने गाडीची किल्ली काढून घेतली. मग घर.

"मी भांडलेसुद्धा नाही," ती म्हणाली. "मलाच पटलं होतं. नवऱ्याच्या गळ्यातली वस्तू आपण डब्यात ठेवली की नाही हे जिला सांगता येत नाही, तिने एकटीने राहू नये. सहा वर्षं मी बाकीचं कधी विसरणार याची वाट बघतेय."

काकांना सगळं समजलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला ते मराठीत सांगावं लागलं. सांगताना मला, विसरून जा, असं आपण कुणाला तरी म्हटलं होतं ते आठवत होतं. काका पलंगाच्या कडेवर बसले.

मिसेस पेंग्लींनी टेबलावरचा फोन उचलला, मुलीला लावला आणि स्पीकरवर टाकला. "सांगा हिला," त्या काकांना म्हणाल्या.

काकांनी सांगितलं. तेच मोजके शब्द. मग मुलगी म्हणाली, "ममा, हा माणूस नक्की कोण आहे?"

"ज्याच्या बोलण्यावर तू विश्वास ठेवलास तो," म्हातारी म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "कसं गेलं ते?" काकांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत केलं. मुशीच्या कडेला टेकून उभं होतं, बाकी सगळं वितळलं तरी, हे ऐकून तिने मान हलवली. मग तिने नवऱ्याबद्दल थोडं सांगितलं. टॉमचे आजोबा-आजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून इथल्या लोखंडाच्या खाणीत कामाला आले होते. टॉम लहानपणी सारखा आजारी, गळ्याशी गाठी यायच्या. पूर्वी राजे-राण्या अशा आजाऱ्यांच्या गळ्यात हेच नाणं बांधायच्या म्हणे. आजीने ते त्याच्या गळ्यात घातलं आणि पुढे त्याने काढलंच नाही. "गंडमाळ," काका हळूच म्हणाले. "आमच्याकडेही गळ्यात ताईत बांधायचे."

नाणं तिने घेतलं नाही. रुमालासकट त्यांच्याकडे सरकवलं. "हे दुसऱ्या कुणाचंतरी आहे."

निघताना काकांनी हात जोडले. ती खिडकीबाहेर बघत होती. "तुम्हाला माफ केलं असं माझ्याकडून ऐकायचं असेल तर ते मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या रविवारी या. मुलगी येईल. तिच्या तोंडावर सांगा."

त्या रविवारी ते गेले. त्यानंतरही जात राहिले, महिन्यातून एकदा, कधी माझ्याबरोबर, कधी राधिका ड्राइव्ह करायची. त्याच महिन्यात त्यांनी दुकान सोडलं. शेठना कारण सांगितलं तेव्हा शेठ म्हणाले, पाच ग्रॅम सोन्यासाठी कोणी नोकरी सोडतं का? मिसेस पेंग्लींच्या मुलीने आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. पण घर विकलेलं होतं, गाडी चालवायचं वय राहिलं नव्हतं, आणि मिसेस पेंग्लींनाच आता स्वतःचा भरवसा धरवत नव्हता. सकाळची गोळी घेतली की नाही हे त्या नर्सला दोन-दोनदा विचारायच्या. काकांना ते बघवत नसे. त्यांच्यात फारसं बोलणं व्हायचं नाही. काका नाणं घेऊन जायचे, ती भिंगातून जहाज बघायची, चहा यायचा. माफीचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

या मार्चमध्ये ती झोपेतच गेली. चर्चमध्ये काका अगदी मागच्या बाकावर बसले होते, कोट अंगावर ढगळ. तिची मुलगी आमच्याजवळून गेली, किंचित थांबली, आणि पुढे गेली.

परवा मी काकांकडे गेले होते. आता ते अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर एक छोटी खोली घेऊन दुरुस्तीची कामं करतात. वितळवायचं काम घेत नाहीत. मसाल्याचा डबा टेबलावर उघडा होता. प्रत्येक वाटीत चिंधीखाली कागदाची एक घडी दिसली. मी एक उघडली. मोडीसारख्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, हे नाणं मी पाहिलं आहे. खाली सही आणि तारीख.

"अजून दिसतात का हो त्या?" मी विचारलं.

"दिसते," ते म्हणाले. "ती गेल्यावर थांबेल असं वाटलं होतं. पण आता बाहेर उभी राहत नाही. आत येते, त्या तिथे बसते." त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं. त्यावर कामाचा एप्रन पडला होता. "विचारते, होतं ना? मी म्हणतो, होतं. तेवढ्यापुरती जाते."

"काकूंना सांगितलंत?"

"तिला सांगून काय करू? ती म्हणेल डॉक्टरकडे चला, आणि ते घड्याळ काढायला लावतील." ते हसले, पण मला हसता आलं नाही. पाच वाजता कुणीतरी झुमके न्यायला येणार होतं. त्यांनी दिवा खाली ओढला, डोळ्याला भिंग लावलं आणि तुटलेली कडी चिमट्यात धरली.